दुष्काळी माणूस पुराच्या छावणीत

मी जालना जिल्ह्यातल्या अंबडचा. पशुसंवर्धन खात्यात ड्रेसर म्हणून, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करत, उभी नोकरी काढली आणि निवृत्त झालो. डॉक्टर मी नव्हे. पण खेड्यात जनावराला सुई टोचणारा प्रत्येक माणूस डॉक्टरच असतो, त्यामुळे लोक मला डॉक्टर म्हणत आले आणि पुढेपुढे मीही दुरुस्त करणं सोडून दिलं. नोकरीत मी दुष्काळाच्या चारा छावण्या पुष्कळ पाहिल्या. धुळीत उभी जनावरं, मोजून मिळणारा चारा आणि टँकरची वाट बघणारी माणसं, छावणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एवढंच यायचं.

अशाच एका छावणीत दस्तगीरभाईंची ओळख झाली. कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णेच्या काठी शिरोळ तालुका आहे. तिथल्या एका गावाने आमच्या जनावरांसाठी उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ट्रकभर पाठवलं होतं आणि तो ट्रक दस्तगीरभाईंनी चालवत आणला होता. वाडं उतरवून लगेच परतायचं सोडून हा माणूस दोन दिवस राहिला आणि प्रत्येक दावणीपुढून फिरला. निघताना मला म्हणाला, "डाक्टर, तुमच्याकडं जनावरं पाण्यावाचून मरत्यात, आमच्याकडं पाण्यानं. एकदा आमची बी छावणी बघायला या."

पुराची छावणी ही कल्पनाच मला गमतीची वाटली. फोनवर आमचं बोलणं होत राहिलं. त्यांच्या गावात पाणी शिरलं की ते तसं कळवायचे, आमच्याकडे पेरणी वाया गेली की मी. शेवटी निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात पिशवी भरली. पूर यावा अशी इच्छा अर्थातच नव्हती. पण यायचाच असेल तर तो बघायला आपण तिथे असावं, असं मनात कुठेतरी होतं, हे कबूल करतो.

कोल्हापूर

थेट गावी न जाता एक दिवस कोल्हापुरात उतरलो. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर एका चौकात रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, आणि बाकड्यांवर माणसं पेले घेऊन बसलेली. मालक म्हशीखाली बसून थेट धार काढत होता आणि फेसाळलेला पेला तसाच गिऱ्हाइकाच्या हातात देत होता. आमच्याकडे लोक संध्याकाळी चहाला जमतात, इथे म्हशीला.

म्हशी पंढरपुरी जातीच्या होत्या, शिंगं तलवारीसारखी मागे खांद्याच्याही पलीकडे गेलेली. आमच्या भागात मी आयुष्यभर बैल आणि लाल कंधारी गाईच जास्त हाताळल्या, त्यामुळे मी पेला हातात धरून शिंगंच बघत राहिलो.

"काय पावणं, दूध प्या की! शिंगं काय पळून जात न्हाईत," मालक ओरडला. मग विचारलं, "कुठलं म्हणायचं?"

"जालन्याकडचा."

"आं! मग आणि एक पेला घ्या. तुमच्याकडं पाऊस न्हाय."

दुसरा पेला जबरदस्तीने पाजला आणि त्याचे पैसे काही घेतले नाहीत. दुष्काळी भागातला आहे एवढ्यावर इतका मान मला पूर्वी कुठेच मिळाला नव्हता.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. कृष्णाकाठच्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालेल. जयसिंगपूरला दस्तगीरभाई टेम्पो घेऊन आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस, मधूनमधून वांग्यांचे वाफे. आकाश स्वच्छ होतं. चक्क ऊन पडलं होतं.

"पूर येणार म्हणत होता ना?" मी विचारलं.

"येतोय की."

"पाऊस कुठे आहे?"

दस्तगीरभाई हसले. शिरोळात पाऊस बेताचाच पडतो, हे मला तेव्हा कळलं. पाऊस पडतो पश्चिमेला, सह्याद्रीत. तिथे धरणं भरतात, दरवाजे उघडतात, मग ते पाणी दीड-दोन दिवसांनी इथे पोहोचतं. म्हणजे डोक्यावर ऊन आणि दारात पूर, असंही होऊ शकतं. आमच्याकडे डोक्यावर ढग येतात आणि खाली काहीच येत नाही, त्याच्या बरोबर उलट.

दस्तगीरभाईंचं घर खालच्या गल्लीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. गावातली उंचावरची जागा आधी कोणी घेतली आणि काठाची कोणाला उरली, हे विचारावं लागलं नाही. आमच्याकडे विहिरींचं तसंच आहे. घराच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा होत्या. वरची एकोणीस सालच्या महापुराची, माझ्या हाताला न पुरणारी. त्याखालची एकवीसची. तिसऱ्या रेघेसाठी जागा ठेवली आहे का, असं मी चेष्टेत म्हणालो. जैबूनभाभी, म्हणजे दस्तगीरभाईंच्या पत्नी, चेष्टा न समजता म्हणाल्या, "रंग हाय शिल्लक डब्यात."

मी घरून येसर नेलं होतं. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ आमच्याकडे आमटीला लावतात. भाभींनी ते वास घेऊन पाहिलं, चव घेतली आणि रात्रीच्या कोंबडीत दोन मुठी घातलं. अंबडमध्ये हे सांगितलं तर माझ्या बहिणी मला जेवायला बोलावणं बंद करतील, पण खरं सांगतो, रस्सा असा दाट आणि खमंग झाला की मी भाकरीवर भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शालनताई 'डाक्टर बघायला' आल्या. पंचेचाळीशीची, काटक बाई. हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. शेत नाही. लोकांच्या बांधावरचं गवत कापून आणायचं आणि त्यावर एक म्हैस पोसायची, हा त्यांचा धंदा. नवरा कबनूरला यंत्रमागावर, सुट्टीला येतो. मुलगी मिरजेला नर्सिंग शिकते, ती या म्हशीच्या दुधावर. म्हशीचं नाव काशी, आणि काशी व्यायला झाली होती.

मी काशीला तपासलं. कास भरत आली होती, शेपटीच्या मुळाशी खळगे पडायला लागले होते. "तीन-चार दिवस," मी सांगितलं.

"मला बी तसंच वाटतंय," शालनताई म्हणाल्या. मग नदीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "पर त्याला कोण सांगणार?"

मी त्यांना पावसाबद्दल विचारलं. आमच्याकडे नक्षत्रांचा हिशेब पार बिघडलाय, तुमचं काय? शालनताई भारा टाकून उंबऱ्यावर बसल्या. त्या भागात पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. "आदी तरणा नाचायचा आन् म्हातारा आपला बसून असायचा," त्या म्हणाल्या. "आता तरणं कुठं दिसत बी न्हाय, आन् म्हातारं उड्या मारतंय. महिन्याचा पाऊस एका दिसात. माझ्या सासूच्या हयातीत पाणी दोनदा दारात आलतं. माझ्या दारात किती डाव आलं, मी मोजायचं सोडलं."

पाणी

त्याच दिवशी दुपारपासून सगळ्यांच्या मोबाइलवर धरणाच्या विसर्गाचे मेसेज येऊ लागले. गावातली शाळेत न गेलेली माणसंही 'क्युसेक' हा शब्द भाकरीसारखा वापरत होती. एकाने मला किती क्युसेकला कुठली गल्ली बुडते ते तोंडपाठ सांगितलं. पाणी बघायला मी नदीवर गेलो. ते तपकिरी होतं, जाड होतं आणि जवळजवळ आवाजच करत नव्हतं. मला मोठा आवाज होईल असं वाटलं होतं. काठावर कोणीतरी काठी रोवली होती. मी तिथे असेपर्यंत पाणी काठीवर बोटभर चढलं.

दवंडी झाली. जनावरं हलवा, माणसं हलवा. ज्यांचे ट्रॅक्टर होते त्यांच्या ट्रॉल्या आधी भरल्या. दस्तगीरभाईंनी आपल्या दोन म्हशी आणि भाभींना टेम्पोतून माळावर पोहोचवलं. माळावर एका मंगल कार्यालयात छावणी लागणार होती. टेम्पो भावाकडे ठेवून ते दुचाकीवर घरच्या सामानासाठी परत आले.

शालनताईंसाठी एका शेतकऱ्याची ट्रॉली दारात आली. काशी ट्रॉलीत चढेना. मातीचा उतार केला, तोंडापुढे पेंड धरली, मागून दोघांनी रेटलं. ती थरथरत उभी राहिली. ट्रॉलीवाल्याला अजून चार घरं करायची होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"डाक्टर, काय करू?" शालनताईंनी विचारलं. "चढवू का ठिवू?"

मी त्या क्षणाचा पुढे पुष्कळ विचार केला आहे. मी म्हणालो, "जोर करू नका. ट्रॉलीत घसरली तर पोटातल्या रेडकाला धोका आहे, तिलाही आहे. नदीचं पाणी सावकाश चढतंय. आज राहू द्या. उद्या उजाडताच आपण तिला शांतपणे चालवत नेऊ."

म्हशीबद्दल मी बरोबर होतो. पण पाण्याबद्दल बोलायचा मला काय अधिकार होता? तरी ज्या आवाजात मी म्हशीबद्दल बोललो, त्याच आवाजात पाण्याबद्दलही बोललो. ट्रॉली निघून गेली.

त्या रात्री जिथे पाऊस बेताचा पडतो म्हणतात त्या शिरोळात पाऊस कोसळला. उजाडता उजाडता दस्तगीरभाई बाहेर जाऊन आले ते कमरेपर्यंत भिजून. नदी अजून खालीच होती. पाणी आलं होतं मागून. गावाबाहेर पडायच्या रस्त्यावर एक ओढा आहे. त्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं चढतं, ते सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला दिवस लागतो. या वेळी रात्रीच्या पावसाने माळावरचं पाणीही त्याच ओढ्याने खाली आलं, आणि दोन्ही पाणी फरशीवर येऊन भेटली.

"ओढा असा कवाच आला न्हवता," दस्तगीरभाई म्हणाले. ते पुन्हापुन्हा तेवढंच म्हणत होते.

फोन केला. बोट तासाभरात येईल असं कळलं. पण बोटीत म्हैस बसत नाही.

"तुमी दोघं बोटीनं या," शालनताई म्हणाल्या. दावं सोडून त्या निघाल्याही होत्या. "तासाभरात फरशी पार बुडंल. मी हिला घेऊन आत्ताच जाते."

मी बोटीसाठी थांबू शकलो असतो, थांबायलाच हवं होतं. मला पोहता येत नाही. आमच्या गावी पोहायला विहिरीतच शिकायचं आणि माझ्या लहानपणी विहिरी कोरड्या होत्या. पण त्या बाईला एकटीला पाठवून ओसरीवर बसणं मला जमेना. ती माझ्या शब्दावर थांबली होती.

गुडघ्यापासून सुरुवात झाली, मग मांड्या, मग कंबर. पाणी गार होतं आणि त्यात चिपाडं, चपला, प्लॅस्टिकच्या बाटल्या फिरत होत्या. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांना भिडल्यामुळे ओढ फार नव्हती, नाहीतर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पुढे दावं धरून शालनताई, काशीच्या मानेपाशी दस्तगीरभाई, मागे मी.

"शेपूट धरा, डाक्टर!" शालनताई न वळता ओरडल्या. "आन् तोंड मिटा!"

मी शेपूट धरलं. गेली तीस वर्षं मी जनावरांची शेपटं बाजूला सारत आलो होतो. फरशीच्या अलीकडे माझ्या पायांखालची जमीन संपली. मी काहीतरी ओरडलो, पाणी प्यालो, चष्मा गेला. आणि मग लक्षात आलं की आपण बुडत नाही आहोत. ट्रॉलीसमोर थरथरणारी काशी पाण्यात अगदी निवांत होती. नाक वर, शिंगं मागे टाकलेली, एखादी जड होडी जावी तशी ती चालली होती आणि मी, ज्याने तिला धोका आहे असं काल सांगितलं होतं, तिच्या मागून ओढला जात होतो.

पलीकडे पाय टेकले तेव्हा दस्तगीरभाईंनी मला काखेत धरून वर घेतलं. शालनताईंनी आधी काशीच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "हालतंय."

मी चिखलात बसूनच होतो.

माळ

माळावरच्या मंगल कार्यालयात माणसं हॉलमध्ये होती आणि जनावरं मागच्या आवारात, ताडपत्रीखाली. मांडवाच्या गेटवर 'शुभविवाह' लिहिलेली कमान तशीच होती आणि तिच्याखालून दिवसभर म्हशी आत येत होत्या. यादी करणाऱ्या माणसाने शालनताईंना विचारलं, "जनावरं किती?"

"दीड."

त्याने मान वर करून आधी त्यांच्याकडे, मग काशीच्या पोटाकडे बघितलं आणि 'एक' लिहिलं.

चष्म्याशिवाय मला सगळं धूसर दिसत होतं, तरी मी छावणीभर फिरलो. मनात तुलना चालूच होती. आमच्या छावणीत चाऱ्याबरोबर पाणीही मोजून द्यायचे, इथे फक्त वैरण मोजून देत होते. आमच्याकडे जनावरांच्या बरगड्या बघाव्या लागायच्या, इथे खुरं. सतत ओल्यात उभं राहून खुरं मऊ पडून कुजतात. आमची छावणी महिन्यामहिन्यांनी भरायची, माणसाला निदान हळूहळू सवय व्हायची. ही एका दिवसात भरली होती. यादी मात्र तीच, आणि जागेवरून होणारी भांडणंही तीच. संध्याकाळी बायका ताटं मांडीवर घेऊन तशाच बसून राहत होत्या. आपल्या घरचं नाही ते अन्न खायला सगळीकडे सारखाच वेळ लागतो.

एक गोष्ट मला आधी समजलीच नाही. माळावरून खाली बघितलं की पाण्याच्या कडेने मैलभर हिरवा ऊस दिसत होता. एवढं हिरवं असताना वैरण बाहेरगावाहून का आणतात? दस्तगीरभाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी मला खाली नेलं आणि एक वाडं मोडून हातात दिलं. पानापानावर गाळाचा थर. "हे खाल्लं की पोट फुगून मरतंय जनावर," ते म्हणाले. आमच्या दुष्काळात निदान समोर काही दिसत तरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशीने चारा सोडला. कळा सुरू झाल्या, पण पुढे काही होईना. शालनताई मला हाक मारायला आल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. कोरडी जागा कुठेच नव्हती. मग आचाऱ्यांची सिमेंटची शेड भाभींनी रिकामी करून घेतली. आचारी कुरकुरले. भाभी म्हणाल्या, "तासभर भात उशिरा खाईल गाव. मरत न्हाय."

मी हात धुऊन आत घातला. पुढचे दोन्ही पाय होते, पण डोकं मागे वळून पोटाकडे गेलं होतं. अशा वेळी ओढलं तर दोघंही जातात. चष्मा नव्हता, पण हे काम डोळ्यांचं नाहीच, बोटांचं आहे. रेडकाला मागे सारायचं, मान शोधायची, जबड्याखाली बोटं अडकवून डोकं वाटेवर आणायचं. म्हशीची कळ आली की हात पिळवटून निघतो, ती ओसरेपर्यंत थांबायचं. मी घड्याळ बघितलं नाही. दस्तगीरभाई काशीचं डोकं धरून होते, शालनताई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. शेवटी डोकं वळलं. मी म्हणालो, "आता ओढा, हळू."

रेडकू बाहेर आलं आणि हललं नाही. मी नाकातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकपुडीत गुदगुल्या केल्या, छाती चोळली. मग ते शिंकलं. शेडच्या बाहेर किती माणसं जमली होती, हे ती सगळी एकदम बोलायला लागली तेव्हा मला कळलं.

"काय हाय?" शालनताईंनी विचारलं.

"रेडा," मी जरा अपराधी आवाजात सांगितलं. रेडी असती तर उद्याची म्हैस झाली असती.

शालनताई रेडकापाशी बसल्या. मग पदराने त्याचं तोंड पुसत म्हणाल्या, "असूं दे. मढ्या, दम काढलास की सगळ्यांचा."

डेअरीची गाडी येत नव्हती, रस्ते बंद होते. रेडकाच्या वाट्याचा चीक त्याला पाजून उरलेला कुठे घालायचा? गावातल्या एका बाईने पुरातून उचलून आणलेली गुळाची ढेप काढली, आचाऱ्यांनी मोठं पातेलं चढवलं. छावणीतल्या प्रत्येकाला खरवसाची एक-एक वडी मिळाली, यादी करणाऱ्यालाही. वडी बोटाच्या पेराएवढी होती. आचाऱ्याने वेलदोडा विसरून जिरं घातलं होतं. तरीही लोक बोटं चाटत होते.

परत खाली

पाणी उतरायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी आम्ही गावात शिरलो. वास आधी आला. मग भिंतींवर सगळीकडे एकाच उंचीवर ओढल्यासारखी ओल दिसली. दस्तगीरभाईंच्या घरी दोन्ही रेघांच्या खाली. शालनताईंची मागची भिंत कच्च्या विटांची होती. ती पडली होती आणि त्यातून सरळ नदी दिसत होती.

मी फावडं घेतलं. गाळ उपसणं हे धान्य उपसण्यासारखं नसतं. फावडं त्यात बसतं आणि सुटतच नाही. दोन तास आम्ही नुसता गाळ ओढत होतो. मग मी, तोंड गाळाकडेच ठेवून, आठवडाभर साठवलेलं बोललो. म्हणालो, "शालनताई, त्या दिवशी मी चुकलो. ट्रॉली जाऊ द्यायला नको होती. तुम्ही माझ्या सांगण्यावर थांबलात."

त्या थांबल्या, फावड्यावर हात टेकून माझ्याकडे बघू लागल्या.

"तुमच्या सांगण्यावर?" त्यांना खरंच हसू आलं होतं. "डाक्टर, मला ऱ्हायाचंच हुतं. गेल्या साली ट्रॉलीतनं नेली, पाणी आलंच न्हाय, आन् हिसक्यानं हिचं दूध आटलं ते आटलंच. तवाच ठरवलं हुतं, व्यायच्या येळंला चढवायची न्हाय. तुमी फकस्त माझ्या मनातलं बोललासा. तुमी चढवा म्हणला असता तरी मी न्हाय म्हणले असते."

मला हलकं वाटलं. थोडा अपमानही वाटला, हेही लिहून ठेवतो.

मग मी, उंचावर जागा मिळणार असं ऐकलं होतं, त्याबद्दल विचारलं. वरच्या माळावर पूरग्रस्तांना प्लॉट द्यायचं चाललंय, तुम्ही का जात नाही?

"जाऊ की. प्लॉटमधी चूल मांडंल, माणूस झोपंल. काशीला काय छपरावर बांधू? आन् गवत खाली बांधावर. ते काय सकाळचं चालत वर येतंय व्हय?" मग फावडं पुन्हा गाळात घालून म्हणाल्या, "पाण्याला भिऊन वर गेलं तर उपाशी, पोटाला भिऊन खाली ऱ्हायलं तर पाणी. तुमच्याकडं कसं करत्यात?"

आमच्याकडची माणसं ऊस तोडायला इकडे येतात, असं मी सांगितलं. त्या 'व्हय, बघितल्यात की' म्हणाल्या आणि पुन्हा गाळ ओढू लागल्या.

त्यावर निम्मंअर्धं उत्तर जैबूनभाभींनी काढलं. माळावर त्यांच्या बहिणीच्या घरामागे पडीक जागा होती. तिथे तीन म्हशींपुरतं छप्पर घालायचं. पावसाळ्याचे चार महिने दोन्ही घरच्या म्हशी तिथे. शालनताई खाली गवत कापणार, दस्तगीरभाई टेम्पोतून ते वर पोहोचवणार, भाभी वर राहून धारा काढणार. माझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं तिथे गेलो. दस्तगीरभाई पहारीने खड्डे घेत होते. पाऊस नव्हता. रेडा काशीच्या पोटाखाली ढुशा मारत होता आणि काशी त्याच्याकडे लक्ष न देता कोरडा कडबा खात होती.

"म्हशी वर," मी शालनताईंना म्हणालो. "आणि तुम्ही?"

"मी खाली. भित्ताड बांधायचं हाय. गवत कापायचं हाय."

"आणि पुन्हा पाणी आलं तर?"

"येणारच की. कवा, ते बोला." त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे रोखून बघितलं. "तुमी शिकलेला हायसा. पुढच्या साली कसं असंल? तरणा पडंल का म्हातारा? का दोन्ही दडी मारत्याल?"

एरवी मी काहीतरी बोललो असतो. खात्यातल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते.

"माहीत नाही, ताई," मी म्हणालो.

"मग झालं तर. मला बी न्हाय," शालनताई म्हणाल्या आणि पायाशी पडलेला लांब बांबू उचलून त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. सरळ धरा, वाकडा जातोय."

मी बांबू खड्ड्यात धरून उभा राहिलो आणि दस्तगीरभाईंनी त्याच्या मुळाशी दगड घालायला सुरुवात केली.